ओला रंग

अनिरुद्धरावांच्या बुडाला खुर्ची कधी मानवलीच नाही. तालुका कचेरीतली सारी नोकरी त्यांनी उभ्यानं काढली, आणि निवृत्तीनंतर तमिळ मुलखातल्या त्या गावी, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या जुन्या घरात येरझाऱ्या सुरू केल्या. ओसरीतून माजघर, माजघरातून परस, पुन्हा ओसरी. गेल्या वर्षापासून मात्र चालताना एक हात भिंतीला टेकलेला असे. डोळ्यांपुढं धुकं दाटलं होतं आणि त्यांनी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. कळलं तर मुलगी श्रीविद्या त्यांना कोयंबत्तूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवणार, हे ठरलेलं. तिथली एकही भिंत त्यांच्या हाताच्या ओळखीची नव्हती.

पोंगलच्या आधी श्रीविद्या आली. भिंतीवरचा मळकट पट्टा पाहून तिनं रंगारी बोलवायचं ठरवलं. अनिरुद्धरावांनी नाना खुसपटं काढली. पहिला रंगारी फार बोलतो, दुसरा बोलतच नाही. तिसऱ्याला, मुरलीकृष्णला, हाकलायला त्यांना कारण सुचेना आणि तो कामाला लागला.

माजघराला रंग लागला त्या दिवशी म्हातारा नुसता तडफडत होता. ओसरीवर खुर्चीत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. भिंतीला हात लावावा तर बिंग फुटणार, न लावावा तर कपाळमोक्ष.

"अप्पा, बरं अहात ना?" श्रीविद्येनं विचारलं.

"मज काय धाड भरली!" ते खेकसले.

थोड्या वेळानं तिनं आतून हाक मारली, "अप्पा, कापी गार होते!" बसून बसून जीव विटला होता. ते तटकन उठले आणि सवयीनं चालत आत गेले. कॉफीचा पेला घ्यायला हात पुढं केला. तळहात पिवळाधमक.

श्रीविद्येनं हात पाहिला, मग भिंत पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसलं नाही.

"केव्हापासून, अप्पा?"

"मज नेऊ नको," एवढंच ते म्हणाले.

तिनं ओल्या फडक्यानं त्यांचा हात पुसला. पुसता पुसताच मुरलीकृष्णला तमिळमध्ये सांगितलं की ओसरीपासून परसापर्यंत धरून चालायला लाकडी कठडा हवा, ओळखीचा सुतार बघ. मग वडिलांकडे वळली. "अन् उद्या डोळ्याच्या डॉक्टराकडे. तिथं तुमचं काई चालणार नाही."

"कुठंही ने," अनिरुद्धराव म्हणाले, "पण सांजेला इथं आणून सोड."