झाकणाचा काळा कोपरा

"तिला तोंड नाय गो, नुसता कॉम्प्युटर हाय," मशीनवरच्या मावशी पॅकिंगवालीला माझ्याबद्दल सांगत होत्या. मी चार पावलांवर उभी होते. ऐकू आलं नाही असं दाखवणं मला शाळेपासून छान जमतं.

रोह्याच्या त्या कंपनीत डब्यांची प्लास्टिकची झाकणं निघायची आणि मी साच्यांची ड्रॉइंग करणारी ट्रेनी होते. त्या आठवड्यात प्रत्येक झाकणाचा एकच कोपरा जळून काळा येत होता. साहेब पेणचे. गणपतींच्या गावात जन्मल्यामुळे साचा आपल्याला आपोआप कळतो, अशी त्यांची समजूत. मीही पेणचीच, पण मला तो शिकावा लागला.

साहेबांनी आधी मशीनला लिंबू-मिरची बांधली. मग वितळलेलं प्लास्टिक साच्यात आणखी जोरात ढकलायला लावलं. कोपरा आणखी जळला. मग मीटिंग झाली. चहा आला, बिस्किटं आली, शेवटी निष्कर्ष आला: नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून येणाऱ्या, मशीनवरच्या मावशींचं कामात लक्ष नसतं. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायचं.

खरं कारण माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. प्लास्टिक साच्यात शिरताना आतली हवा निघून जावी म्हणून त्या कोपऱ्यात केसाहून बारीक खाचा होत्या. त्यांच्यामुळे झाकणाला पुसटशी कड यायची. मोठ्या गिऱ्हाइकापुढे झाकण आरशासारखं दिसायला हवं, म्हणून साहेबांनी आदल्याच आठवड्यात मला त्या बुजवायला सांगितल्या होत्या. माझ्या मामाच्या कारखान्यात गणपती ओतणारा नवखा माणूसही साच्यात हवा कोंडू देत नाही. कोंडलेली हवा दाबाने तापून प्लास्टिक जाळते, हे तर मी कॉलेजात इंग्रजीतून पाठ केलं होतं. पेपरात पैकीच्या पैकी. तरी "यस सर" म्हणून मी ड्रॉइंग बदललं आणि खाली सहीही केली, वळणदार.

साहेबांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं. मला कोपऱ्यात बसवलं होतं, मीटिंगची नोंद लिहायला. साहेबांनी निष्काळजीपणावर बरंच ऐकवलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "मी नुसती झाकणा काढते, साहेब. ती आतूनच जळून येतात."

साहेब हसले आणि मला म्हणाले, लिहा, चूक कबूल.

पेन हातात तसंच राहिलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की पहिला शब्द दोनदा म्हणावा लागला.

"साहेब, साहेब, हवा जायच्या खाचा आपण बुजवल्या. ड्रॉइंग माझं आहे, सही माझी आहे. मावशींची चूक मी लिहिणार नाही."