लेकीचा पहिला घोट

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं, हे आमच्याकडे ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच असतं. पण मला सातवा महिना लागला आणि कराडला आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिलाच कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. वहिनी फोनवर म्हणाली, "तुम्ही या हो ताई, बघू काहीतरी." ते 'बघू काहीतरी' ऐकलं आणि मी म्हटलं, नको, मी इथेच बरी आहे.

इथे म्हणजे पनवेलला. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, त्याच्या मागच्या सुट्टीत आम्ही पळस्प्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो होतो. अर्धे फ्लॅट रिकामे होते. उरलेल्यांची दारं बंद असायची. सहा महिन्यांत शेजारणीशी माझं बोलणं झालं ते लिफ्टमधे, 'वरती का खाली' इतकंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. म्हणून असं ठरलं की तारखेच्या दहा दिवस आधी नागपूरहून नणंद येईल, आणि तारखेच्या आसपास नवऱ्याला कंपनीवाले बंदरावर उतरवून घरी पाठवतील. त्याने सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून ठेवलं होतं.

तारखेला तीन आठवडे बाकी असताना, सकाळी कपडे वाळत घालताना माझं पाणी गेलं. आधी मला वाटलं, बादलीतलंच पाणी सांडलं. मग कळलं. हातात ओला टॉवेल होता, तो मी नीट झटकून दोरीवर टाकला, दोन चिमटे लावले आणि मगच आत आले. का, ते मला अजून सांगता येत नाही.

नवऱ्याला मेसेज केला. एकच टिक. म्हणजे जहाज समुद्रात, नेट नाही. नणंदेला फोन केला, तिने लगेच तिकीट बघते म्हटलं. आईला केला नाही. पलंगावरून हलता येत नाही त्या बाईला काय सांगायचं? बॅग भरलेली होती. खाली आले तर वॉचमन काकांनी माझ्याकडे बघूनच रिक्षा थांबवली. "कोणी नाही सोबत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतायत."

त्या दिवशी हे 'येतायत' मी चारदा म्हटलं. वॉचमन काकांना, रिक्षावाल्याला, हॉस्पिटलच्या काउंटरवर आणि मला तपासणाऱ्या सिस्टरला. चौथ्या वेळेपर्यंत ते मला स्वतःलाही थोडं खरं वाटायला लागलं होतं.

हॉस्पिटल लहानसं होतं, एका डॉक्टर बाईंचं. मला दोन खाटांच्या खोलीत नेलं. दुसऱ्या खाटेवर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, माझ्याहून बरीच लहान, बावीस-तेवीसची असेल. तिच्या पायथ्याशी तिची आई स्टुलावर बसली होती. पन्नाशीची, सावळी, दंडाला पिळदार. पायांना तेल लावत होती लेकीच्या. मी ते बघितलं आणि, खरं सांगते, मला त्या मुलीचा रागच आला. आई पाय चोळतेय आणि ही तोंड फिरवून झोपलीय.

कळा वाढत गेल्या. मी पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभी होते. ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण ओरडून कोण ऐकणार? तेवढ्यात कमरेवर हात आला. त्या बाईने काही न विचारता दोन्ही अंगठे माझ्या माकडहाडाच्या वर रोवले आणि दाबून धरले. कळ थोडी बोथट झाली.

"तुज्याबरोबर कोन हाय?" तिने विचारलं.

मी 'येतायत' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "कोणी नाही."

"कोनच नाय? आय?"

"आईचं हाड मोडलंय. गावाला आहे."

"बरं बरं. सोड श्वास, बाय. आमी हाव ना."

ती उरणच्या खाडीकाठची कोळीण होती. मासळी विकायची. हाताला तेलाचा वास होता, आणि तेलाच्या खालून समुद्राचाही. एरवी मला महिनोन् महिने मासळीच्या वासाने उमळून यायचं. त्या दिवशी आलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला डॉक्टर आल्या, मशीनवर ठोके ऐकले, पुन्हा ऐकले, आणि म्हणाल्या, "बाळ दमतंय. सिझर करू या, आता लगेच." सिस्टर कागद घेऊन आली. माझी सही झाली. "आणि नातेवाईकाची? इथे कोणाची तरी लागेल."

मी फोन बघितला. एकच टिक.

"दे इकडं," ती कोळीण म्हणाली. तिने पेन मुठीत धरून सावकाश आपलं नाव काढलं, प्रत्येक अक्षर वेगळं.

"नातं काय लिहू?" सिस्टरने विचारलं.

"मावशी लिव."

सिस्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचं अंग परक्याचं झालं. मधे हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे डॉक्टर आणि भूल देणारे सर विमानतळाच्या नव्या रस्त्यावर किती वेळ वाचतो ते बोलत होते. मी छताकडे बघत होते. पोटात कुणीतरी कपाट आवरावं तसं ओढत, सरकवत होतं, आणि मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं. "मुलगी," कोणीतरी म्हणालं. तिला माझ्या गालाला लावलं, एवढंच, आणि सिस्टर बाहेर दाखवायला घेऊन गेली. दरवाजा बंद होता होता तिने हाक मारली ती मला ऐकू आली, "मावशी, मुलगी झाली हो!" माझ्या लेकीला माझ्याआधी जिने मांडीवर घेतलं, तिला मी पाच तासांपूर्वी ओळखतही नव्हते.

नवऱ्याच्या दोन टिक दुसऱ्या दिवशी सकाळी उमटल्या. लगेच फोन आला, तो रडत होता, आवाज तुटत होता, 'उतरता येईल का बघतो' म्हणाला आणि लाईन गेली. मीही रडायला हवं होतं. मला फक्त झोप येत होती. बाळ शेजारी होतं आणि मला तिच्याबद्दल काय वाटतंय ते मी आत शोधत होते. काही सापडत नव्हतं. अशा वेळी आईचं मन भरून येतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मला ती पाहुण्यांकडून सांभाळायला मिळाल्यासारखी वाटत होती.

आणि दूध येईना. तिला छातीशी धरलं की ती दोन-तीनदा ओढायची, मग मान मागे टाकून किंचाळायची. सिस्टर म्हणाली, "सिझरला होतं असं, उद्यापर्यंत येईल. नाहीतर संध्याकाळी पावडरच्या दुधाचा डबा लिहून देतील." टाके ओढत होते, मला नीट बसताही येत नव्हतं. ती रडत राहिली.

शेजारच्या खाटेवर ती मुलगी उठून बसली होती. पाठ माझ्याकडे. हातात स्टीलची वाटी. थोड्या वेळाने तिची आई ती वाटी घेऊन बेसिनकडे गेली आणि ओतून आली. पांढरं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की कालपासून त्या खाटेशेजारी पाळणा नव्हताच.

"बाळ कुठंय हिचं?" मी मावशींना विचारलं.

"मुंबईला नेलान. काचपेटीत. श्वास नीट घेत नवता. जावई गेलाय संगं." त्या वाटी धुवत म्हणाल्या. "आज तिसरा दिस. अजून त्याला तोंडानं कायच देत नाय."

म्हणजे काल माझी कंबर दाबताना, कागदावर सही करताना, माझी मुलगी मांडीवर घेताना या बाईचा नातू मुंबईला काचेत होता. मी एकदाही विचारलं नव्हतं.

माझी लेक रडतच होती. ती मुलगी इतक्या वेळात पहिल्यांदा वळली. डोळे सुजलेले होते. आईकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, बाळाकडे बघून म्हणाली, "द्या तिला. मी पाजू?"

मला नको होतं. हे मी कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. माझं सगळं अंग 'नको' म्हणत होतं. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत ज्या बाळाबद्दल मला काही वाटत नव्हतं, ते एकाएकी माझं, फक्त माझं झालं. पण लेकीचा घसा बसत चालला होता. मी मान हलवली.

मावशींनी तिला उचलून तिकडे नेलं. रडणं मधेच थांबलं. आणि मग खोलीत घोट गिळल्याचा आवाज यायला लागला, एकामागून एक, घाईघाईने. ती मुलगी खाली बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मावशी खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी उताणी पडले होते. त्या खोलीत चार बायका होतो आम्ही, लहान-मोठ्या धरून, आणि आयुष्यात मला कधी इतकं एकटं वाटलेलं नाही, ना आधी, ना नंतर.

त्या दिवशी त्या मुलीने लेकीला तीनदा पाजलं. सिस्टरने एकदा पाहिलं आणि पडदा ओढून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मुंबईहून फोन आला. बाळाला नळीतून आईचं दूध सुरू करायचंय, तिला घेऊन या. पाच मिनिटांत सामान बांधलं गेलं. ती मुलगी पहिल्यांदा हसली, केस नीट केले. आणि मी? मला आनंद झाला, पण त्याच्याही आधी मनात आलं, आता माझ्या लेकीला कोण पाजणार. मावशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "येल दूध, घाबरू नको," म्हणाल्या आणि गेल्या. फोन नंबर मी मागितला नाही. सुचलंच नाही.

दुपारी नणंद आली, तिकीट न मिळाल्याने कशी उभ्याने आली ते सांगत. "फार त्रास नाही ना झाला?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. संध्याकाळी मला दूध आलं.

नवरा पाच आठवड्यांनी आला. त्याला मी सगळं सांगितलं, सहीचं, मावशींचं. पाजल्याचं तेवढं सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर मला लाज वाटत होती, आणि नेमकी कशाची तेही कळत नव्हतं.

शेवटी आईला सांगितलं. लेक आठ महिन्यांची झाली तेव्हा तिला घेऊन कराडला गेले होते. आई वॉकर धरून चालायला लागली होती. अंगणात तिच्या मांडीवर लेक खेळत होती आणि मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती म्हणेल, बिचारी माझी पोर, किती एकटी पडलीस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तिचं बाळ?"

"माहीत नाही."

"अगं, विचारायचं ना."

पनवेलला परत आल्यावर लसीच्या दिवशी मी हॉस्पिटलमधे चौकशी केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, दुसऱ्या पेशंटची माहिती देता येत नाही. जुनी सिस्टर भेटली, तिला त्या दोघी आठवत होत्या. "मुंबईला गेले ते? नाही हो, परत आलेच नाहीत इकडे." न येण्याचा अर्थ दोन्ही होतो, बाळ वाचलं असाही आणि नाही असाही. दोनदा उरणच्या मासळी बाजारात जाऊन आले. तिथे सगळ्याच बायका मला लांबून मावशींसारख्याच दिसल्या. लेक कडेवर होती. एकीने तिला बघून विचारलं, "काय घेतेस, बाय?" मी काहीतरी घेतलं आणि बसस्टॉपकडे चालत आले.