आबाजीपंतांची चूळ

कचेरीच्या ओट्यावर बसून एखादा इंग्रजी हुकूम मराठीत वाचून दाखवला, की आबाजीपंत उठत, मागच्या विहिरीवर जात आणि चूळ भरत. दिवसाला दहा हुकूम असले तर दहा वेळा. ठाण्यात हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि कोणाला त्याचे काही वाटत नसे. मला वाटले. मी तेव्हा बावीस वर्षांचा. छापखान्यात खिळे जुळवायचे, उरल्या वेळात पत्रके लिहायची. ‘परक्या भाषेचा विटाळ धुणारा आणि तिचीच भाकरी खाणारा ढोंगी कारकून’ असे मी त्यांना, नाव न घेता, छापून टाकले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्यावरून हाक मारली.

“या, पत्रकवाले! विटाळ नाही हो तो. नकार गोड शब्दांत सांगावा लागला की तोंड चिकट होतं. पाण्याने बरं वाटतं, एवढंच.”

ते तिथले भाषांतरकार. सुतळीने बांधलेला चष्मा, पाठीला बाक, आणि केस याच कामात पांढरे झालेले. साहेबाच्या हुकुमांत एक शब्द पुन्हा पुन्हा येई. अर्जदार ‘ॲट लिबर्टी’ आहे. पुन्हा अर्ज करायला मोकळा आहे, वरिष्ठांकडे दाद मागायला मोकळा आहे, योग्य वाटेल ते करायला मोकळा आहे. मी शाळेत इंग्रजांचीच स्वातंत्र्यावरची पुस्तके वाचून पेटलो होतो. ज्यांच्या साध्या कागदातही हा शब्द येतो, त्यांच्या मनात तो असणारच, अशी माझी खात्री होती.

पंतांची खात्री वेगळी होती. मोहने गावची एक म्हातारी एकदा आली. तिच्या शेताची वाट कोणी अडवली होती, आणि हुकूम होता की तिने दिवाणी कोर्टात जावे, तिला मोकळीक आहे. पंतांनी वाचले आणि कागद मांडीवर ठेवला.

“आजी, कोर्ट इथून किती कोस?”

“मना काय ठावं, बाबा?”

“नेणार कोण? आणि तू तिकडे असलीस तर म्हशीला कोण बघणार?”

“म्हंजे नाय बोलला साहेब.”

“नाही बोलला.”

ती पदर झटकून उठली आणि पंत विहिरीकडे निघाले. मी मागोमाग. “अहो, तिला हक्क दिलाय ना साहेबाने!”

“अरे, मोठ्या घरची माणसं पाहुण्याला ‘जा’ म्हणतात का? ‘आपल्याला उशीर होत असेल’ म्हणतात. तसं आहे हे. मोकळीक दिली म्हणाले, की मी विचारतो, किती कोसांची?”

“मग कागदावर तसं का लिहीत नाही? तिथे मात्र शब्दाला शब्द!”

“कागद साहेबाचा. तोंड माझं.”

हे उत्तर मला भेकडाचे वाटले. तसे मी त्यांना तोंडावर सांगितलेही. ते हसले आणि त्यांनी चूळ भरली.

मग कोलशेतच्या चांगोचे प्रकरण आले. खाडीकाठी त्याचे लहानसे मिठागर होते, आजापासून चालत आलेले. ते बंद करण्याचा हुकूम निघाला. त्याविरुद्धचा अर्ज मी लिहिला होता, आणि गरज पडली तर मुंबईपर्यंत जायचे असे मी चांगोला बजावून ठेवले होते. खरे सांगायचे तर मला लढाईसाठी एक माणूस हवा होता, आणि तो मला सापडला होता.

उत्तर आले. मिठागर बंदच, मात्र अर्जदार महिन्याच्या आत मुंबईस दाद मागण्यास मोकळा आहे. या खेपेस चांगो ओट्यावर नव्हता. भाषांतर शिपायाबरोबर गावी जाणार होते, आणि किती कोस हे विचारायला तिथे पंत नसणार. पावसाळा नुकताच संपला होता. मोठ्या मिठागरांवर बांध घालायला माणसे घेत होते. महिनाभर मुंबईच्या फेऱ्या केल्या असत्या, तर चांगोला त्या वर्षी कुठेच काम मिळाले नसते. पंतांनी कागदावर लिहिले, ‘अर्ज नामंजूर. मिठागर बंद. अर्जदाराने हंगामाचे काम लगेच दुसरीकडे पाहावे.’ आणि खाली नेहमीप्रमाणे ‘खरे भाषांतर’ म्हणून सही केली.

चांगो माझ्याकडे आला तो सुटल्यासारखा. “दादा, पंतानी सरल लिवलंय. नाय म्हंजे नाय. मी मोठ्या आगरावर कामाला लागलू.”

मी इंग्रजी हुकुमाची नक्कल मिळवली आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले. वर मथळा दिला, ‘भाषांतर की विश्वासघात?’ गरिबाचा हक्क कारकुनाने गिळला, असे मी लिहिले. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. आज त्याचीच मला जास्त शरम वाटते.

पत्रक साहेबासमोर गेले. पंतांना आत बोलावले. पुढचे त्यांनीच मला सांगितले, कचेरीच्या फाटकाशी, न रागावता.

“साहेब म्हणाले, यू हॅव टेकन अ लिबर्टी. म्हणजे आगळीक केली मी. गंमत बघ हं. ते देतात तेव्हा हाताला काही लागत नाही. आपण घेतली की मात्र लगेच दिसते त्यांना. शेवटी म्हणाले, यू आर ॲट लिबर्टी टू गो. मग आलो.”

“पंत, चूळ?”

“आज गरज नाही वाटली रे.”

नोकरी गेली. दप्तरात त्यांच्या नावापुढे ‘विश्वासास अपात्र’ असा शेरा पडला. नोकरीचे त्यांनी फारसे मनावर घेतले नाही. शेरा मात्र जन्मभर केलेल्या सह्यांवर पडला होता. ते कल्याणला बहिणीकडे राहायला गेले आणि तेवढा शेरा काढा म्हणून अर्ज करीत राहिले. मी चूक कबूल करणारे पत्रक छापले. पंत म्हणाले, “तुझं पहिलं साहेबापर्यंत पोचलं, दुसरं वाण्यापर्यंत. कालच त्यात हिंग बांधून आला.” मला हसूही आले नाही. त्यानंतर माझ्याने पत्रके लिहवेनाशी झाली. अजून तिशी आली नाही, पण हात जड झाला आहे.

शेवटचे उत्तर आले तेव्हा मोतीबिंदूने पंतांची दृष्टी गेली होती. इंग्रजी वाचायला कोणी नाही म्हणून बहिणीने मला निरोप धाडला. मी मचव्याने खाडीतून गेलो. वाटेत कोलशेतला चांगो दुसऱ्याच्या बांधावर चिखल थापत होता. त्याने हात वर केला. मी करू शकलो नाही.

पंत अंथरुणावर उठून बसले. “वाच.”

मी आधी मनात वाचले. शेरा कायम. पंत त्याविरुद्ध वरच्या सरकारात लिहिण्यास मोकळे आहेत. बहीण दारात उभी होती. पंतांचे ते विझलेले डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने लागले होते. आयुष्यभर रोखठोक लिहिल्याचा टेंभा मिरवणारा मी म्हणालो, “पंत, साहेबांनी… वर दाद मागायची मोकळीक दिली आहे.”

“किती कोसांची?”

मी कागदाची घडी घातली.

त्यांनी उशाशी चाचपडून पाण्याचा तांब्या शोधला आणि माझ्याकडे सरकवला.

“घे बाळ,” ते म्हणाले. “मागे पायरी आहे. चूळ भरून ये.”