जेवणाआधीची गोळी

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, दिवाळीच्या पाडव्याला दुपारी, माझी थोरली वहिनी आमच्या स्वयंपाकघरात घास अडकून मेली. गाव कवठे महांकाळच्या पुढचं. तिचं वय चोवीस.

दुखणं उन्हाळ्यात सुरू झालं होतं. सकाळी ती बरी असे. चार भाकरी थापल्या की हात गळत, पापण्या मिटत, बोलणं नाकातून येई. आई म्हणायची, "डोळं उघडा की, म्हाराणी."

मी तेव्हा साताऱ्याला एका साप्ताहिकात होतो. रजा काढून मीच तिला सांगलीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुई टोचली. वीस मिनिटांत वहिनीनं डोळे पूर्ण उघडले. डॉक्टरांचं म्हणणं मी उतरवून घेतलं: मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत एक रसायन नेतं. हिच्या बाबतीत तो नीट पोहोचत नाही. औषधानं ते रसायन जास्त वेळ टिकतं, पण दोन-तीन तासच. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची. नाहीतर गिळता येणार नाही.

घरी मी ते वाचून दाखवलं.

"ईस मिन्टात बरं हुतंय, ते कसलं दुखणं?" आई म्हणाली. "सोंग हाय."

"गोळीनं काम तर हुतंय न्हवं?" थोरला भाऊ म्हणाला. "मग कामाच्या आदी दे."

गोळ्यांची बाटली आईच्या कनवटीला गेली. रोज पहाटे, वहिनी जात्यावर बसण्याआधी, आई तिला एक गोळी देई. आधी पुरुष जेवत, मग पोरं, मग आई. सून शेवटी. तिचं ताट वाढलं जाई तेव्हा दुपार कललेली असे.

पाडव्याला तिनं पुरण वाटलं, सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या. मग आईजवळ गेली.

"आत्याबाई, अर्दी तरी द्या. घास उतरंना."

"सकाळी दिली न्हवं? हितं गड्याला दोनदा च्या मिळत न्हाई."

माझं जेवण झालं होतं. मी सोप्यात पान लावत बसलो होतो. दोघींचं बोलणं मला ऐकू आलं.

ठसका ऐकू आला नाही. खोकायलाही स्नायू लागतात. ताट पालथं झाल्याचा आवाज आला.

ते औषध तेव्हा सहज मिळत नसे. डॉक्टरांनी उरलेलं परत मागितलं. मी नेऊन दिलं. बाटलीत अकरा गोळ्या होत्या.