हौसाचा कडू आठवडा

पोटात दुखायला लागलं की माझी बायको हौसा बरगडीखाली मूठ दाबून उभी राहायची आणि म्हणायची, "उठला मेला." जसं काही आत कुणी झोपलेलं होतं. मूठ तशीच ठेवून दुसऱ्या हाताने चुलीवरचे धने हलवत राहायची. जरा बस म्हटलं तर, "मी बसले तर धने काय आपले आपन उलटतील?"

आम्ही आगरी, डोंबिवलीच्या मानपाड्याचे. मी रंगाच्या कंपनीत कामाला, आणि ती उन्हाळ्यात लोकांचे मसाले करून द्यायची. गावातल्या आणि नव्या बिल्डिंगीतल्या बायका मिरच्या आणून टाकायच्या. हौसा भाजायची, डंकावर कुटून आणायची, मग चिमूट जिभेवर ठेवून थुंकायची. जरासा करपला असला तरी तिला कळायचं.

म्हणून सगळे तिच्या पोटाचा दोष मिरचीला द्यायचे. माझी आई म्हणायची, तिखट खाते, तिखट बोलते, आतून जळणारच. हौसाने कितीतरी वर्षं दूधभात खाल्ला, पांढरं औषध प्यायलं. थोडे दिवस बरं, की पुन्हा तेच. एकदा संडासला काळं झालं आणि ती चक्कर येऊन पडली. पोटात जखम होती, ती वाहिली होती. पुन्हा वाहिली तर ऑपरेशन, असं दवाखान्यात सांगितलं. ती घाबरली. मी जास्त घाबरलो.

तेव्हा नव्वद साल उलटून गेलेलं. कंपनीतल्या एकाच्या सांगण्यावरून तिला कल्याणला एका तरुण डॉक्टरकडे नेलं. त्याने घशातून दुर्बीण घालून तपासलं. म्हणाला, "मावशी, हे मिरचीने झालेलं नाही. जंतू आहेत. मिरची जखमेवर झोंबते, एवढंच."

हौसा माझ्याकडे वळली. "ऐकलं ना? आयशीला सांगा तुमच्या."

डॉक्टर हसला नाही. "आठवडाभर गोळ्या. एकही चुकवायची नाही. अर्ध्यावर सोडल्या तर उरलेले जंतू वाढतील, आणि मग याच गोळ्यांनी मरणार नाहीत. तोंड कडू होईल. होऊ द्या."

कडू म्हणजे किती, ते मसाल्यावर कळलं. वैशाख होता. पहिल्या घाण्याची चिमूट तिने जिभेवर ठेवली आणि मदतीला आलेल्या शेजारच्या बारकीवर ओरडली, "करपवलास गो सगला." बारकी रडकुंडीला आली. मग हौसाने दुसरा घाणा चाखला, मग मीठ, मग पाणी. सगळंच कडू. ती खालीच बसली.

"मना करपल्यालं कलत नाय. लोकांचा वरसाचा मसाला हाय. गोल्या पुढं ढकलते."

"घेतल्यास त्या पुऱ्या कर. मिरच्या परत दे."

"वालल्याली मिरची परत देऊ? तोंड कसं दाखवू?"

"मग मी चाखतो."

कंपनीच्या वासाने माझी जीभ मेलेली, हे तिला ठाऊक होतं. तरी चाखला. बरा आहे, म्हटलं.

"बरा म्हनजे? म्हशीला पेंड पन बरीच लागते."

दुसऱ्याला चांगला म्हटलं. तेही पटलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमी बोलूच नका. मना तुमचं तोंड बगू द्या."

मग मी चिमूट जिभेवर ठेवायचो आणि ती समोर उकिडवी बसून बघायची. कपाळ, डोळे, ओठ. एका घाण्याला मला काहीच लागलं नाही, पण ती म्हणाली, "हा ठेवा बाजूला. करपलाय." बारकीने चाखून बघितला. करपलेलाच होता.

गोळ्या संपेपर्यंत असंच चाललं. प्रत्येक गोळीला शिवी द्यायची, पण घ्यायची. नंतर डॉक्टरने पुन्हा तपासलं, तेव्हा जखम भरलेली, जंतू गेलेले. घरी येऊन तिने सुकटीचं लालभडक कालवण केलं आणि माझ्या आईच्या समोर बसून खाल्लं. आईने कालवणासाठी आपलं ताट पुढे सरकवलं.

पोटाने हौसाला परत त्रास दिला नाही. गेल्या वर्षी गेली ती हृदयाने. दुपारी आडवी झाली, ती उठलीच नाही.

आता सून वाढते. चांगली पोर आहे. रोज विचारते, "बाबा, मीठ बरोबर आहे ना?" मी हो म्हणतो. माझ्या तोंडाकडे न बघता ती पुढच्या कामाला लागते.