ताम्हणात राहिलेली चावी

काका गेले तेव्हा माझ्या घराची चावी त्यांच्या देव्हाऱ्यात होती.

आज तेरवी झाली. मला नीट रडूसुद्धा आलं नाही. माणूस गेला म्हणून रडायचं की घर जाईल म्हणून, तेच तेरा दिवस कळत नव्हतं.

महादेवकाका आमचे घरमालक. कारंज्यात त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही आठ वर्षं राहतोय. मी, मिस्टर आणि मुलगी.

अ‍ॅग्रीमेंट नाही. साधी चिठ्ठीसुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं. काका मळ्यातून आणलेल्या मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कागद कायले पाहिजे माय? मी पळून चाललो का तू?"

मग मीही जुड्या बांधायला बसले. 

काकांची पद्धत वेगळीच होती. दर पाडव्याला सकाळी आपण चावी त्यांच्या हातात परत द्यायची. ते ती देवापुढे ताम्हणात ठेवणार, हळदकुंकू वाहणार आणि दुपारच्या आत परत आणून देणार.

"घे माय. वर्षभर घर तुयं. फक्त भितीले खिळा ठोकू नको."

खिळ्यावर त्यांचा भारी राग. आमचं कॅलेंडर आठ वर्षं फ्रिजवर चिकटलेलं आहे.

यंदाही मी चावी दिली. काकांनी पूजा केली आणि ओसरीत खुर्चीवर टेकले. मी गुढी उभारली, चहा घेऊन गेले.

काका गेलेले होते.

संध्याकाळपर्यंत पुण्याहून विलासदादा आणि वहिनी आले. दादा म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, खोटं कशाला बोलू.

"ताई, कागद काही आहे का तुमच्याजवळ?"

"नाही."

"आन् चावी?"

"देव्हाऱ्यात. पाडव्याला मीच आणून दिली."

शेजारी त्यांचे मामा बसले होते. ते म्हणाले, "चावी वापस केली म्हणजे खोली सोडली ना बाई तुमी."



दादा म्हणाले, "मले बाबा काहीच बोलले नाही. घर ठेवाचं का विकाचं, तेही मी ठरवलं नाही अजून. तेरवी होऊ द्या, मंग पाहू."

दुसरी चावी मिस्टरांनी मालेगावच्या बसमध्ये कधीच हरवलेली. म्हणजे घराला कुलूप नाही. आमच्यातलं एक जण कायम घरी. मिस्टर म्हणाले, नवीन कुलूप आणतो. मी म्हटलं, नको, कब्जा केला म्हणतील.

मग शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती वाशीमला वकिली करते. सगळं ऐकून आधी हसली, मग रागावली.

"कागद करायची जबाबदारी मालकाची असते, येडे. नसंल केला तर भाडेकरू काय म्हणते ते आधी धरतात. खोटं हाये हे त्यानं दाखवाव लागते. तुयं गॅसचं कार्ड, पोरीच्या शाळेतला पत्ता, शेजारीपाजारी, सगळा पुरावा हाये. देवापुढं चावी ठेवली म्हणजे ताबा सोडला होत नाही. आन् कोर्टाच्या हुकुमाबिगर तुले कोणी बाहेर काढू शकत नाही."

हक्क आहे हे कळलं. पण ज्या ओसरीत आपणच काकांचे डोळे मिटले, तिथे जाऊन तो सांगायचा कसा, हे काही तिने सांगितलं नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे.

त्यांना सुतक, देवाला हात लावता येईना. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमाले सुतक नाही. देवापाशी दिवा तुमीच लावत जा."

म्हणजे मी परकी. परकी म्हणून दिवा माझ्याकडे, आणि परकी म्हणूनच खोलीचं काही खरं नाही. मला तर काही उमजेना.

रोज संध्याकाळी मी दिवा लावायची. समोर ताम्हण. ताम्हणात माझ्या घराची चावी, वाळलेलं हळदकुंकू लागलेली. हात लांब केला की आली असती. कोणी बघायलाही नसायचं.

उचलली नाही. शहाणपणा केला की मूर्खपणा, माहीत नाही. काकांवर रागही आला. एक कागद करून ठेवला असता तर तुमचं काय गेलं असतं, असं दिव्यापुढे बोललेसुद्धा.

आज जेवणं उरकली. दादा ताम्हण घेऊन आमच्या दाराशी आले.

"तेरा दिवस तुमच्या समोरच होती. उचलली काहून नाही?"

मी म्हटलं, "ती द्यायची असते दादा. आपण घ्यायची नसते."

त्यांनी ताम्हणातली चावी उचलली.

"मले माहीत नाही काय म्हणाव लागते. बाबा काय म्हणत?"

मी सांगितलं. माझीच चावी, आणि ती देताना काय बोलायचं ते मीच शिकवत होते.

दादा म्हणाले, "घ्या ताई. वर्षभर घर तुमचं. फक्त भितीले..."

पुढचं त्यांना बोलवलं नाही. मग मात्र आम्ही दोघंही रडलो. तेरा दिवसांचं एकदम आलं.

जाताना म्हणाले, "पुढच्या हप्त्यात कागद करून घेऊ ताई. बाबासारखं मले जमणार नाही."

मी हो म्हटलं. बरं वाटलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

काका, तुम्ही निर्धास्त जा.

तुमचा हार घातलेला फोटो ओसरीत टेबलावरच ठेवलाय. भिंतीला खिळा ठोकायची हिंमत कोणाची झाली नाही.

भाडेकरणीची मनापासून श्रद्धांजली.