चौकटीची वही

काल कराडात चौकटीची वही घेतली. चिनी अक्षरं चौकटीत बसवूनच शिकावी लागतात. कोऱ्या कागदाचा वास आला आणि मला चाळीस वर्षांपूर्वीची आमची न्हाणी दिसली.

तेव्हा मी कॉलेजात होते. कानडी आणि उर्दू शिकून झाल्यावर चिनीचं पुस्तक मागवलं होतं, अशाच वहीत आकडे गिरवले होते. चीनच्या लढाईत माझे वडील, आबा, पकडले गेले होते, एवढंच घरात ठाऊक होतं. त्या सकाळी आबांनी माझी वही घेतली आणि एकेक पान फाडून पेटत्या बंबात घातलं. दर पानाला ते मोजत होते, "यी, अर्, सान, स्स..."

"आबा, तुमाला चिनी येतं व्हय?"

"रोज सकाळी आमाला असंच मोजायचे. कालच्यापेक्षा आकडा कमी भरला, तर कुणी काय विचारायचं न्हाई."

मीही काही विचारलं नाही. वही जाळली म्हणून महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. पुढं ते गेले.

आज ऑनलाइन वर्गात बाई म्हणाल्या, "आकडे अगदी स्वच्छ म्हणता तुम्ही. कुणी शिकवले?"

"वडिलांनी," मी म्हटलं.